छोट्या लाईनला किती मेमरी लागते

भालचंद्र पोतनीसांची गाडी सलग नवव्या दिवशी जौरा स्टेशनाच्या अलीकडे उभी राहिली, तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पडद्यावरची ओळ परत वाचली. व्हिडिओ मेमरी संपली आहे, असं संगणक सांगत होता. एवढं सांगून पडदा काळा झाला आणि इंजिन, चार डबे, दोन्ही बाजूंच्या बाभळी, सगळं एकदम नाहीसं झालं.

"कहाँ तक पहुँची?" मागच्या खुर्चीतून प्रश्न आला.

"जौरा के आउटर पर खड़ी है," भालचंद्र म्हणाले. "सिग्नल नहीं मिला."

खुर्चीत संग्रामसिंह तोमर बसले होते. वय एक्क्याऐंशी. ग्वाल्हेरहून श्योपुरला जाणारी ती चिमुकली छोटी लाईन चालू होती, तेव्हा त्यांनी एकतीस वर्षं तिचं इंजिन चालवलं होतं. लाईन बंद पडली, रूळ उचलले गेले, आणि ग्वाल्हेरातल्या दर्पण कॉलनीच्या बागेत रोज सकाळी तिचं नाव काढणारे संग्रामसिंह एकटेच उरले. दिवाळीनंतर मुलगा त्यांना कायमचं जबलपूरला घेऊन जाणार होता. जायच्या आधी एकदा आपलं गाव, सबलगढ, त्या लाईनवरून बघायचं होतं, असं ते एकदा बागेत सहज म्हणाले. त्यावर भालचंद्र चार माणसांसमोर म्हणून बसले, "मी नेतो तुम्हाला."

हे ते उगाच बोलले नव्हते. सरकारी नकाशे काढण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. निवृत्तीनंतर दीड वर्ष इंटरनेटवर धडे गिरवून त्यांनी संगणकात ती लाईन उभी करायला घेतली होती. घोसीपुरा झालं, मोतीझील झालं, बामोर, सुमावली झालं. फलाटावरचे नळसुद्धा ज्या बाजूला गळत असत त्याच बाजूला गळत होते. आणि आता जौऱ्याच्या अलीकडे गाडी थांबत होती. संग्रामसिंह रोज दहा वाजता प्रवासाला निघाल्यासारखे पाण्याची बाटली घेऊन येत आणि साडेअकराला कुठेच न पोचता घरी जात.

"सिग्नल नौ दिन नहीं रुकता, पोतनीस साहब," त्या दिवशी उठताना ते शांतपणे म्हणाले. "लाइन में कुछ और है."

भालचंद्रांना ते लागलं. त्यांच्या लाईनमध्ये खोट काढणारा हा पहिलाच माणूस, आणि तोही जाणकार.

संध्याकाळी त्यांनी सुधाताईंना, म्हणजे बायकोला, सगळं समजावून सांगितलं. संगणकात एक ग्राफिक्स कार्ड असतं. चित्रं काढायचं काम त्याचं. त्या कार्डाची स्वतःची वेगळी मेमरी असते. पडद्यावर जे जे दिसायचंय ते त्या मेमरीत मावावं लागतं. आपल्या कार्डात ती आठ जीबी आहे आणि ती कमी पडतेय.

सुधाताई मटार सोलत होत्या. "मतलब ओटा," त्या म्हणाल्या.

"ओटा कसा?"

"स्वयंपाक करणारी कितीही चटपटीत असू दे. ओटा एवढासा असला तर परात ठेवायला जागा नाही. मग एकेक वस्तू आतल्या खोलीतून आणत बसा. हेच म्हणून राहिलात ना तुम्ही?"

हेच ते म्हणत होते, पण त्यांना त्यासाठी पाऊण तास लागला होता. "ढोबळमानाने तसंच," असं म्हणून ते बाहेर पडले.

बाहेर फाटकाशी शेजारचे रघुनाथराव शितोळे उभे होते. रघुनाथराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आणि सल्ला मागितला नाही तरी त्याची टंचाई पडू न देणारे. "मेमरी कमी पडतेय," एवढं ऐकल्यावर त्यांनी विषय ताब्यात घेतला. "पोतनीस, एक गोष्ट लक्षात ठेवा. माझ्या गच्चीवर पाचशे लिटरची टाकी होती, मी हजारची बसवली. टाकी मोठी झाली म्हणून आजवर घरात कोणी तक्रार केलेली नाही. सगळ्यात मोठं असेल ते घ्या."

दुर्दैवाने हे बोलणं चालू असताना पलीकडच्या उषाताई भाजी घेऊन चालल्या होत्या, आणि त्यांच्या कानांवर फक्त "पोतनीस" आणि "मेमरी कमी पडतेय" एवढंच पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडून वाटीभर भिजवलेले बदाम आले. दुपारी शंखपुष्पीची बाटली आली. संध्याकाळी भालचंद्र दुधाला निघाले, तर कोपऱ्यावरच्या घरातली यशश्री स्कूटर थांबवून मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाली, "काका, मी यशश्री. ओळखलंत ना? घर उस तरफ है. सोडू का?"

"मी दूध आणायला चाललोय."

"हो हो," ती त्याहून प्रेमाने म्हणाली. "दूधच आणायचंय. अर्धा लिटर. सांभाळून."

ज्या माणसाला ग्वाल्हेर ते सबलगढ प्रत्येक पुलाचा क्रमांक तोंडपाठ आहे, त्याला अर्धा लिटर दुधाची आठवण करून दिली जाते, यासारखा अपमान नाही. भालचंद्रांनी बागेत तीन जणांना थांबवून खुलासा केला की मेमरी त्यांची नाही, कार्डाची कमी पडली आहे. तिघांनीही ऐकून घेतलं आणि एकमेकांकडे बघितलं. त्यांतल्या एकाने विचारलं, "कोणतं कार्ड, आधार?"

आता कार्ड घेणं हा गाडीचा प्रश्न उरला नव्हता, अब्रूचा झाला होता.

इंदरगंजात तरुण नावाच्या पोराचं संगणकाचं दुकान होतं. भालचंद्र तिथे गेले ते रघुनाथरावांना घेऊन; म्हणजे रघुनाथराव आधीच रिक्षात बसले होते. तरुणने दोन डबे काउंटरवर ठेवले.

"अंकल, ये नया वाला है. सोलह जीबी. चिप बहुत तेज़. और ये थोड़ा पुराना मॉडल, इसमें चौबीस जीबी."

"चौबीस," रघुनाथराव म्हणाले.

"एक मिनट, दादाजी. मेमोरी अलग चीज़ है, ताक़त अलग. आपका काम बारह में समा रहा है, तो चौबीस लेने से एक रत्ती तेज़ नहीं चलेगा. और नहीं समा रहा, तो तेज़ से तेज़ चिप भी बैठी रहेगी. पहले ये बताइए, आपका काम मेमोरी खाता कितनी है?"

प्रश्न सरळ होता. उत्तर एवढंच होतं की मोजून बघितलेलं नाही. पण ज्याने आयुष्यभर मोजणीच केली त्याला हे दुकानात उभं राहून म्हणणं कठीण होतं. शिवाय रघुनाथराव ऐकत होते.

"बहुत," भालचंद्र म्हणाले.

"बहुत मतलब?"

"ग्वालियर से सबलगढ़ तक."

तरुणने चोवीसचा डबा पुढे सरकवला.

डबा घरी आला. तो रुखवतातल्या पेटीएवढा होता. आतलं कार्ड त्याहून फार लहान नव्हतं. तीन पंखे, वर लोखंडी पाठ. संगणकाचं खोकं उघडून भालचंद्रांनी ते आत धरलं, तर चार बोटं बाहेर उरलं. रघुनाथरावांच्या मते जोर लावायला हवा होता. त्यांनी तो लावला, आणि त्यात संगणकाचं बटण तुटलं.

मग संगणक चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन रिक्षाने पुन्हा इंदरगंज. वाटेत नया बाजारच्या गर्दीत रिक्षावाला मागे वळून हळूच म्हणाला, "बाबूजी, बच्चा है क्या? धीरे चलाऊँ?" भालचंद्र हो म्हणाले. तरुणने मोठं खोकं दिलं. मग जुना वीजपुरवठ्याचा डबा या कार्डाला पुरणार नाही म्हणून तोही मोठा दिला. शेवटी मूळ संगणकातला फक्त कळफलक शिल्लक राहिला. नवं कार्ड इतकं जड, की बसवल्यावर एका बाजूने वाकायला लागलं. त्याला टेकू म्हणून तरुण काही देणार होता, पण भालचंद्रांनी घरी येऊन बुद्धिबळाच्या डब्यातला काळा वजीर खाली उभा केला. अगदी मापात बसला. त्या सबंध आठवड्यात मापात बसलेली ती एकच गोष्ट.

पहिल्यांदा संगणक चालू केला त्याच क्षणी सुधाताईंनी न्हाणीघरात गीझर चालू केला. घर बंद पडलं. म्हणजे पंखे, दिवे, फ्रीज, सगळं.

"एक तर गाडी चालेल नाही तर अंघोळ होईल," सुधाताई ओल्या डोक्याने बाहेर येऊन म्हणाल्या. "पसंत तुमची."

रघुनाथरावांच्या मते घराचा मंजूर विद्युतभार वाढवून घ्यायला हवा होता. म्हणून भालचंद्र वीज कार्यालयात गेले. रांगेत उभे राहिले, अर्ज घेतला, सुवाच्य अक्षरात भरला. नकाशा विभागात त्यांचं अक्षर नावाजलेलं होतं. अर्जात एक रकाना होता: भारवृद्धि का प्रयोजन. भालचंद्र खोटं लिहिणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी लिहिलं, "रेलगाड़ी चलाने हेतु."

खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं.

"रेलवे का कनेक्शन यहाँ से नहीं होता."

"घर में चलानी है."

"घर में?"

"छोटी लाइन है," भालचंद्र समजावणीच्या सुरात म्हणाले. "सबलगढ़ तक."

बाईंनी अतिशय मायेने विचारलं, "बाबूजी, साथ में कोई आया है?"

साथीला रघुनाथराव आलेले होते. त्यांनी खिडकीशी वाकून, आवाज खाली आणून सांगितलं, "मेमोरी की थोड़ी दिक़्क़त चल रही है." त्यांना कार्डाचंच म्हणायचं होतं, असं ते नंतर तीन दिवस शपथेवर सांगत राहिले. बाईंनी मात्र स्वतः उठून भालचंद्रांना खुर्ची दिली, पाणी दिलं, अर्जावर "घरेलू" लिहून घेतलं आणि काम दहा मिनिटांत करून दिलं. ज्या कामाला लोकांना दोन खेपा लागतात ते असं झटक्यात झालं, तरी भालचंद्र येताना रिक्षात रघुनाथरावांकडे पाठ करून बसले.

अखेर दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी दहा वाजता सगळी तयारी झाली. संग्रामसिंह बाटली घेऊन आले. रघुनाथराव आले. सुधाताई दारात उभ्या राहिल्या. गाडी सुटली. सुमावली गेलं. जौरा आलं. जौरा मागे पडलं.

रघुनाथरावांनी टाळी वाजवली. "टाकी, पोतनीस. म्हटलं नव्हतं?"

गाडी पुढे निघाली. दोन्ही बाजूंनी बाभळी दाट होत गेल्या. कैलारसच्या अलीकडे चाकं अडखळली, आकाश पांढरं पडलं आणि पडद्यावर तीच ओळ आली. व्हिडिओ मेमरी संपली आहे.

कार्डाचे तिन्ही पंखे मात्र गरगरत होते.

संग्रामसिंह उठले, त्यांनी भालचंद्रांच्या खांद्यावर हात ठेवला. "कोई बात नहीं. कैलारस भी अच्छी जगह है." आणि ते गेले. रघुनाथरावांना घरी काहीतरी काम आठवलं.

भालचंद्र तसेच बसून राहिले. चोवीस जीबीत एक माणूस जौऱ्याहून फक्त कैलारसपर्यंत पोचत असेल, तर सबलगढला किती लागतील, याचं त्यांनी मनात त्रैराशिक मांडलं आणि सोडून दिलं. तेवढ्या मेमरीचं कार्ड त्यांच्या घरात मावणारं नव्हतं. दिवाळीला अठरा दिवस होते. म्हातारा जबलपूरला जाणार आणि तिथे कोणी विचारलं तर म्हणणार, एक पोतनीस होते, बोलायला चांगले होते.

सुधाताई स्टूल ओढून शेजारी बसल्या. "मला एकदा परत दाखवा. जौऱ्याच्या पुढचं."

त्यांनी दाखवलं.

"ही बाभूळ तीच ना, जिच्यासाठी मला भर उन्हात छत्री धरून उभं केलं होतं?"

"हो. तिचे सगळ्या बाजूंनी तीनशे फोटो काढले, म्हणून ती अशी हुबेहूब आली."

"आणि ही?"

"ही दुसरी. तिचे दोनशे ऐंशी."

"आणि ती पार तिकडे, क्षितिजावर?"

"तिचे तीनशे दहा. एक बाभूळ दुसरीसारखी नसते, सुधा."

"ती दिसूनही नाही राहिली मला."

"पण आहे ती तिथे."

सुधाताईंनी पडद्यावरून बोट फिरवलं. "अशा किती आहेत?"

भालचंद्रांनी मान खाली घातली. "जौरा ते कैलारस, बाराशे."

"आणि बाराशेच्या बाराशे, पूर्ण फोटोंसकट, एकदम ओट्यावर?"

भालचंद्रांनी होकारार्थी मान हलवली.

"तुम्ही सगळं कपाट रिकामं करून ओट्यावर मांडून ठेवलंय," सुधाताई म्हणाल्या. "मग ओटा केवढाही घ्या. मी चार माणसांच्या वरणासाठी लग्नातली सगळी भांडी काढून नाही बसत."

गंमत अशी, की यावरचा उपाय भालचंद्रांना दीड वर्षापासून माहीत होता. धड्यातच होता. लांबच्या वस्तूला लहान चित्र लावायचं, आणि पाच-सहा नमुन्यांची झाडं वळवून वळवून पुन्हा वापरायची. पण तो धडा त्यांनी "हे आपल्याला पटत नाही" असं म्हणून सोडून दिला होता. नकाशात एक विहीर दोनदा काढायची नसते, या संस्कारात वाढलेला माणूस एक बाभूळ दोनशेदा कशी लावणार?

त्यांनी पुढचे बारा दिवस तेच केलं. प्रत्येक बाभूळ काढताना ते तिच्याकडे एकदा बघून घेत. सुधाताई अधूनमधून येऊन म्हणत, "ती वाकडी राहू द्या, ती चांगली आहे," आणि ती वाकडी राहायची. शेवटी सहा बाभळी उरल्या, आणि त्या सहांची बाराशे झाली. भालचंद्रांनी गाडी सोडली. जौरा गेलं, कैलारस गेलं. पडद्याच्या कोपऱ्यात मेमरीचा आकडा दाखवायची सोय असते. तीही त्यांनी आता पहिल्यांदाच चालू केली होती. सबलगढच्या फलाटावर गाडी लागली तेव्हा आकडा होता साडेसहा.

सुधाताईंनी तो वाचला. "जुनं कार्ड किती होतं?"

"आठ."

"मतलब, जुन्यातच..."

"चहा टाकतेस का?" भालचंद्र म्हणाले.

सुधाताईंनी चहा टाकला. साखर रोजच्यापेक्षा जास्त घातली, आणि ही गोष्ट रघुनाथरावांना कळू दिली नाही. हा त्यांच्या संसारातला एक मोठा उपकार भालचंद्र अजून मानतात.

दिवाळीला पाच दिवस राहिले असताना संग्रामसिंह आले. या वेळी भालचंद्रांनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं, कळा दाखवल्या, वेग, ब्रेक, भोंगा. म्हाताऱ्याची बोटं आधी चाचपडली. मोतीझीलनंतर चाचपडायची थांबली. सुमावलीच्या वळणावर त्यांनी कोणी न सांगता वेग कमी केला. मधे कुठेतरी, जिथे भालचंद्रांनी काहीच काढलेलं नव्हतं, तिथे भोंगा दिला.

"इथे काय आहे?" सुधाताईंनी विचारलं.

"एक नाई की दुकान थी," ते म्हणाले. "वो हाथ हिलाता था."

जौरा, कैलारस, सेमई. सबलगढ. गाडी फलाटाला अशी लागली, की धक्का पडद्याच्या आतही बसला नसेल. संग्रामसिंहांनी हात मांडीवर ठेवले. भालचंद्रांनी खिशातला रुमाल तयार ठेवला होता. कोणाला लागेल हे नक्की ठरलेलं नव्हतं.

"बहुत अच्छा बनाया," संग्रामसिंह म्हणाले. "स्टेशन वही है. पीपल वही है. एक बात पूछूँ?"

"पूछिए."

"गाड़ी ख़ाली क्यों है?"

भालचंद्रांनी पडद्याकडे बघितलं. चार डबे, सोळा खिडक्या, सगळ्या रिकाम्या. दीड वर्षात हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"न अंदर कोई, न छत पर," म्हातारा म्हणाला. "हमारी गाड़ी में जितने अंदर, उससे ज़्यादा छत पर. दूध के डिब्बे, बकरियाँ, बाराती. फिर मैं सबलगढ़ लाया किसको?"

आवाजात तक्रार नव्हती. एक ड्रायव्हर फक्त विचारत होता.

भालचंद्र उठले. कार्डाकडे बघितलं. साडेसहा वजा जाता साडेसतरा शिल्लक होते. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांची मान जराशी वर झाली. "सुधा," ते म्हणाले, "रघुनाथरावांना हाक मार. आणि माझा मोबाईल आण."

पुढचे चार दिवस पोतनीसांच्या गच्चीवर दर्पण कॉलनी छपरावर बसत होती. पाण्याच्या टाकीशेजारी एक फळी टाकली होती. एकेकाने येऊन त्यावर बसायचं, न हलता, आणि भालचंद्रांनी चारी बाजूंनी फोटो काढायचे. रघुनाथराव जुना गणवेश घालून आले. छपरावर सुभेदार बसत नसत, असं संग्रामसिंहांनी सांगितल्यावर घरी जाऊन बनियनवर परत आले. उषाताई नवऱ्यासकट आल्या, तो खाली बघायला घाबरत होता म्हणून त्याचा चेहरा फार अस्सल आला. यशश्रीने कुठून तरी एक बकरी पैदा केली. बकरी न हलता बसेना, त्यामुळे फोटोंत तिला पाच कान आले. भालचंद्र ते दुरुस्त करणार होते, पण संग्रामसिंहांनी राहू दिले. उस लाइन पर मैंने इससे अजीब बकरियाँ देखी हैं, ते म्हणाले.

चौथ्या दिवशी उन्हं उतरायच्या आधी सगळे झाले. भालचंद्र मोबाईल खिशात घालत होते.

"एक आदमी और," संग्रामसिंह म्हणाले.

"कौन?"

ते उत्तर न देता फळीकडे निघाले. रघुनाथरावांनी एका बाजूने आधार दिला, सुधाताईंनी दुसऱ्या. म्हातारा बसला, पाय खाली सोडले, टोपी एका हाताने डोक्यावर घट्ट दाबून धरली.

"इकतीस साल चलाई," ते म्हणाले. "ऊपर एक बार भी नहीं बैठा."

भालचंद्रांनी फोटो काढायला सुरुवात केली. फेरी अर्धी झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की मग आता इंजिनात कोणी बसायचं, हा प्रश्न आहे. संग्रामसिंहांनाही तो आधीच सुचला असावा. न हलता, टोपीवरचा हात न काढता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांनी भालचंद्रांकडे बघितलं.

"आप चलाइएगा," ते म्हणाले. "पर ज़रा धीरे. ऊपर लोग बैठे हैं."